स्पोर्ट्स कारला जड ट्रेलर लावताय? आधी हे सगळं तपासा, एकेक पायरी करत

स्पोर्ट्स कारमागे ट्रेलर लावायचा विचार डोक्यात आला की बहुतेक जण पहिला हिशोब हॉर्सपॉवरचा करतात. चारशे हॉर्सपॉवरची गाडी आहे, हजार-बाराशे किलो ओढणं म्हणजे काय मोठं काम. आणि खरंच ओढते ती, सपाट रस्त्यावर तर मागे काही आहे हे विसरायला होतं, धोका नेमका तिथेच आहे. ओढणं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. थांबवणं, उतारावर आवरणं, वळणात सांभाळणं आणि नव्वदच्या स्पीडला मागचं धूड डावी-उजवीकडे हलायला लागलं तर गाडी सरळ ठेवणं, यातलं काहीच हॉर्सपॉवरवर चालत नाही. ते चालतं गाडीच्या वजनावर, व्हीलबेसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), मागचा एक्सल किती भार घेतो त्यावर, आणि ब्रेक किती उष्णता पचवू शकतात त्यावर. यातल्या बऱ्याच गोष्टींत स्पोर्ट्स कार साध्या फॅमिली कारपेक्षाही मागे असते.

आधी "जड" म्हणजे किती ते ठरवू. ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) किंवा ऑटोक्रॉसला (कोन मांडून वेळेशी स्पर्धा) जाणारे लोक छोट्या दोन सीटर गाडीमागे टायर ट्रेलर लावतात, चार चाकं, जॅक, टूलबॉक्स आणि ट्रेलर धरून सगळं मिळून अडीचशे किलोच्या आसपास. तो एक प्रकार. आणि दुसरी कार लादलेला ट्रेलर, कॅरॅव्हॅन, फायबरची बोट, हा पूर्ण वेगळा प्रकार, इथे वजन बऱ्याचदा हजाराच्या पुढे जातं. ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याच्या वर गेलं की स्पोर्ट्स कारसाठी तो जडच समजा. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनवाल्यांना गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांपर्यंतच रहा असा सल्ला दिला जातो, पण तो टोइंगसाठी, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी, मंजूर असलेल्या साध्या गाड्यांचा आकडा आहे, आपल्यासाठी नाही.

पायरी 1: कंपनीने परवानगी दिलीय का ते बघा, बाकी सगळं नंतर

ऑनर्स मॅन्युअल काढा आणि टोइंगचं पान वाचा. खूप स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्ये एका ओळीत विषय संपवलेला असतो. शेव्हरले कॉर्व्हेटचं मॅन्युअल सांगतं की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही, आणि माझदा एमएक्स-5 च्या अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्येही टोइंगला सरळ नकार आहे. उलट स्पोर्ट्स कारसाठी ओळखल्या जाणाऱ्या पोर्शेचीच कायेन ही एसयूव्ही 3500 किलोपर्यंत ओढायला मंजूर आहे. म्हणजे प्रश्न ब्रँडचा नाही, गाडी कशासाठी डिझाइन केलीय त्याचा आहे.

यूरोपियन गाड्यांच्या व्हीआयएन प्लेटवर (गाडीचा चेसिस नंबर असलेली पट्टी) सहसा चार वजनं असतात: पहिलं गाडीचं जास्तीत जास्त वजन, दुसरं गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त, तिसरं पुढच्या एक्सलचं, चौथं मागच्या एक्सलचं. दुसरा आकडा नसेलच तर त्या गाडीला ट्रेलर लावायचाच नाही. असेल तर त्यातून पहिला वजा करा, मग भरलेल्या गाडीमागे किती वजन चालेल ते कळतं.

इथे एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. एकाच मॉडेलला एका देशात टोइंग रेटिंग असतं आणि दुसऱ्या देशात नसतं, मग लोक म्हणतात की गाडी तीच आहे ना, चालतंय की. पण ज्या देशात रेटिंग आहे तिथे बऱ्याचदा ट्रेलरसह स्पीड लिमिट कमी असते, ट्रेलरच्या दांड्याचा गाडीवरचा भार कमी धरलेला असतो, आणि कधीकधी कूलिंग किंवा मागचं सस्पेन्शनही वेगळं बसवलेलं असतं. तुमच्या गाडीच्या प्लेटवर जे आहे तेच धरा. रेटिंग नसताना ट्रेलर लावून अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि समोरच्याचं नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकतं, हे लावण्याआधी विमावाल्याला लेखी विचारून घ्या.

मॅन्युअलमध्ये टोइंगला स्पष्ट "नाही" असं लिहिलं असेल तर माझं मत असं की इथेच थांबा आणि ट्रेलर दुसऱ्या गाडीला लावा. पुढचं सगळं ज्यांच्या गाडीला रेटिंग आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना "का नाही" हे समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी.

पायरी 2: वजनाचा हिशोब कागदावर मांडा

दोन सीटर गाडीचं पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून किती चालतं ते, बऱ्याचदा जेमतेम दीडशे ते अडीचशे किलो असतं. दोन मोठी माणसं बसली की दीडशे तिथेच गेले. आता ट्रेलरचा दांडा टो बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) जेवढा दाबतो, ज्याला नोज वेट म्हणतात, तेही याच पेलोडमधून जातं. डिकीतलं सामानही यातूनच. ट्रेलर अजून हललाही नाही आणि गाडी ओव्हरलोड झालेली असते.

त्यातही हे वजन मागच्या एक्सलवर जसंच्या तसं पडत नाही, जास्त पडतं. टो बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो, तिथे वजन दाबलं की गाडीचं पुढचं टोक वर उचललं जातं. आकडे घालून बघा: एमएक्स-5 चा व्हीलबेस 2310 मिलीमीटर, बॉल मागच्या एक्सलपासून 1 मीटर मागे आहे असं धरू, आणि नोज वेट 100 किलो. 100 गुणिले 1 भागिले 2.31, म्हणजे साधारण 43 किलो पुढच्या चाकांवरून कमी झाले आणि मागच्या एक्सलवर 100 नाही तर 143 किलो वाढले. एवढ्या हलक्या गाडीत पुढून 43 किलो कमी होणं स्टेअरिंगला लगेच जाणवतं, ते हलकं लागतं, हेडलाइट वर बघायला लागतात, आणि ब्रेक मारताना पुढची चाकं रस्त्याला जेवढी धरायला हवीत तेवढी धरत नाहीत. इंजिन मागे असलेल्या गाडीत तर निम्म्याहून जास्त वजन आधीच मागे असतं, त्यात ही भर.

सगळ्यात अडचणीची गोष्ट मात्र ही की नोज वेट कमी करून सुटका होत नाही. अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के नोज वेट ठेवायला सांगतात, यूरोपमध्ये साधारण 5 ते 7 टक्के आणि तेही कमी स्पीडच्या हिशोबाने. हजार किलोच्या ट्रेलरला अमेरिकन पद्धतीने 100 ते 150 किलो लागतील, ते मागचा एक्सल घेत नाही. म्हणून सामान मागे सरकवून नोज वेट 30 किलोवर आणलं तर एक्सल खूश, पण ट्रेलर लहरायला मोकळा. जड ट्रेलर आणि हलकी स्पोर्ट्स कार या जोडीत दोन्ही अटी पाळणारं नोज वेट खूपदा सापडतच नाही. तसं असेल तर ती जोडी होत नाही, एवढंच, त्यावर जुगाड नाही.

पायरी 3: हिच नुसता बसतो की भार पेलतो

बाहेर कोणत्याही गाडीसाठी हिच, म्हणजे टो बॉल ज्यावर बसतो तो गाडीमागचा लोखंडी सांगाडा, बनवून मिळतो, आणि "बोल्ट ऑन, कटिंग नाही" असं वाचलं की लोकांना वाटतं की झालं काम. पण हिचवर लिहिलेलं रेटिंग हे त्या लोखंडाचं आहे, गाडीच्या बॉडीचं नाही. सायकल रॅकसाठी बनवलेले हिच पण दिसायला तसेच असतात, त्यांवर ट्रेलर लावायचा नाही असं त्यांच्याच लेबलवर लिहिलेलं असतं. स्पोर्ट्स कारमध्ये मागच्या बंपरच्या आत बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा क्रॅश बीम असतो, तो टक्कर शोषायला बनवलेला, रोज हजारो वेळा मागे-पुढे ओढ खायला नाही. आणि जिथे हिच यायला हवा तिथे मफलर, डिफ्यूझर नाहीतर सरळ इंजिनच असतं.

यूरोपियन टो बारच्या (हिचलाच तिकडे टो बार म्हणतात) प्लेटवर डी-व्हॅल्यू, म्हणजे बार किती ओढ पेलतो तो आकडा, लिहिलेली असते, किलोन्यूटनमध्ये. काढायची पद्धत सोपी: गाडीचं कमाल वजन गुणिले ट्रेलरचं कमाल वजन, भागिले दोघांची बेरीज, सगळं टनात, आणि त्याला 9.81 ने गुणायचं. 1.6 टनाची गाडी आणि 0.75 टनाचा ट्रेलर असेल तर उत्तर येतं साधारण 5. बारची डी-व्हॅल्यू त्याहून जास्त हवी.

बॉलचा साइज आणि कपलरचा (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) साइज एकच आहे का बघा. दोन इंची कपलर 1-7/8 इंची लहान बॉलवर बसल्यासारखा वाटतो, लॉकही होतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निघून येतो. लॉक केल्यावर जॉकी व्हीलने (दांड्याखालचं छोटं टेकूचं चाक) दांडा वर उचलून बघा, गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला पाहिजे. उंचीसुद्धा महत्त्वाची. यूरोपमध्ये भरलेल्या गाडीच्या बॉलचं केंद्र जमिनीपासून 350 ते 420 मिलीमीटर असायला लागतं, खाली बसवलेल्या गाडीत ते जमत नाही, मग ट्रेलर नाक खाली घालून चालतो किंवा स्पीड ब्रेकरवर हिच घासतो. आणि गाडी-ट्रेलर पूर्ण वळवून बघा: काही गाड्यांचा मागचा विंग आपोआप वर येतो आणि तो ट्रेलरच्या जॉकी व्हीलच्या हँडलला लागतो, डिकी उघडतानाही तेच.

पायरी 4: ट्रेलर लहरणं समजून घ्या, कारण जीव इथे जातो

ट्रेलर बॉलभोवती डावी-उजवीकडे फिरू शकतो. बाजूचा वारा, मोठा ट्रक ओव्हरटेक करून गेला, रस्त्यातली चाकोरी, कशानेही त्याला थोडा धक्का बसतो आणि तो हलतो. कमी स्पीडला ट्रेलरची चाकं त्याला परत सरळ आणतात आणि दोन हेलकाव्यांत सगळं शांत होतं. स्पीड वाढत जातो तसं हे शांत होणं मंदावत जातं, आणि प्रत्येक जोडीचा एक स्पीड असतो ज्याच्या वर हेलकावा विझतच नाही, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो स्पीड ठरतो ट्रेलरचं वजन आणि त्याची मांडणी, नोज वेट, दांड्याची लांबी, गाडीचं वजन, व्हीलबेस आणि बॉल एक्सलच्या किती मागे आहे यावर. म्हणूनच "80 पर्यंत एकदम मस्त चालत होती" हे वाक्य खरंही असतं आणि निरुपयोगीही, 80 ला काही झालं नाही म्हणजे 95 ला होणार नाही असं अजिबात नाही.

आता स्पोर्ट्स कारची बाजूही मांडतो. गाडी बुटकी असते, टायर रुंद, साइडवॉल ताठ, सस्पेन्शन कडक, या गोष्टी मदतच करतात, सुरुवातीच्या छोट्या हेलकाव्यात गाडी दमदार वाटते. पण 911 चा व्हीलबेस 2450 मिलीमीटर आहे, एमएक्स-5 चा त्याहून कमी, मागे लांब दांड्याचं, जास्त वजनाचं काही असलं की तेच गाडीला फिरवतं. त्यात स्टेअरिंग एकदम शार्प. हेलकावा साधारण एक-दोन सेकंदाचा असतो, माणूस तो बघून उलट स्टेअरिंग मारेपर्यंत ट्रेलर दुसऱ्या बाजूला निघालेला असतो, म्हणजे तुमचं करेक्शन नेमकं चुकीच्या वेळी पोचतं आणि झोका वाढवतं. हळू स्टेअरिंगच्या गाडीत ही चूक थोडी पचते, शार्प स्टेअरिंगमध्ये नाही.

उतार सगळ्यात वाईट. इंजिन ब्रेकिंगने गाडी मागे रोखतेय आणि ट्रेलर पुढे ढकलतोय, त्यात स्पीड नकळत वाढतो. बहुतेक लहरण्याच्या घटनांत उतार, वारा आणि मागे लादलेलं सामान यातलं काहीतरी असतंच.

पायरी 5: ब्रेकचा हिशोब

मोठे कॅलिपर, भोकाभोकांच्या डिस्क, सहा पिस्टन, हे बघून वाटतं की ब्रेकची काळजी नको. पण पहिली मर्यादा कॅलिपर नाही, टायर आहे. 1400 किलोची गाडी कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर साधारण 9 मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने थांबते असं धरा. 80 च्या स्पीडवरून ब्रेक लागल्यापासून 27 मीटर. मागे ब्रेक नसलेला 750 किलोचा ट्रेलर असेल तर तीच चार चाकं आता 2150 किलो थांबवतायत, अंतर होतं जवळपास 42 मीटर. पंधरा मीटर जास्त. आणि तेही गाडी सरळ असेल तर, वळणात मागून ढकलणारा ट्रेलर गाडीचं शेपूट बाहेर काढतो आणि दांडा दुमडून गाडीलाच येऊन धडकतो.

दुसरी मर्यादा उष्णतेची. गाडी 1500 किलो, ट्रेलर 1000 किलो, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, आणि तुम्ही 500 मीटर उंचीचा घाट उतरताय. एवढ्या उंचीची ऊर्जा होते सुमारे 12 मेगाज्यूल. ती पूर्ण ब्रेकमध्ये गेली, चारही डिस्क मिळून 40 किलो लोखंड आहे आणि हवेने काहीच थंड केलं नाही असं धरलं तर डिस्कचं तापमान साडेसहाशे डिग्रीच्या वर वाढेल. खऱ्या रस्त्यावर हवा बरीच उष्णता नेते आणि इंजिन ब्रेकिंगही वाटा उचलतं, त्यामुळे एवढं होणार नाही, पण ट्रॅकवर दोन वळणांच्या मध्ये लांब सरळ पट्टा असतो जिथे ब्रेक गार होतात, घाटात हळू चालताना तेवढी हवाच लागत नाही. आणि ब्रेक फ्लुइड? नवीन डॉट 4 दर्जाचं फ्लुइड किमान 230 डिग्रीला उकळतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेल्या अवस्थेत त्याची किमान मर्यादा 155 वर येते. उकळलं की लाइनमध्ये वाफ तयार होते आणि पेडल सरळ खाली जातं. फ्लुइड दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ट्रेलर लावायच्या आधी बदला, यात चर्चा नको.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. यूरोप आणि ब्रिटनमध्ये 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, पण हलक्या स्पोर्ट्स कारसाठी मी ही रेषा बरीच खाली ओढेन, तीनशे-साडेतीनशेच्या वर गेलं की ब्रेकवाला ट्रेलरच घ्या. ओव्हररन ब्रेक असतील तर ते ट्रेलरने गाडीला ढकललं की आपोआप लागतात, इलेक्ट्रिक असतील तर गाडीत कंट्रोलर लागतो. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) गाडीच्या मजबूत भागाला लावा, बॉलला नुसती अडकवू नका.

पायरी 6: क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग

हाय रेव्ह होणाऱ्या इंजिनाचा टॉर्क वरच्या आरपीएमला असतो आणि पहिला गिअर बऱ्याचदा लांब असतो. चढावर ट्रेलरसकट गाडी हलवायची म्हणजे रेस देऊन हाफ क्लचवर खेळावं लागतं, आणि चार-पाच वेळा ट्रॅफिकमध्ये असं केलं की जळका वास येतो. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये हे तुम्हाला कळतही नाही, गाडी स्वतःच क्लच घसरवते आणि मग एकदम ओव्हरहीटची वॉर्निंग देते. वॉर्निंग आली की बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्या, चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक किंवा हिल होल्ड वापरा.

कॅरॅव्हॅन किंवा उंच बंद ट्रेलर असेल तर हवेचा अडथळा खूप वाढतो. टोइंगला मंजूर मॉडेलमध्ये कंपनी अनेकदा मोठा रेडिएटर फॅन किंवा गिअरबॉक्स ऑइल कूलर देते, तुमच्या गाडीत ते आहे का बघा.

पायरी 7: टायर

साइडवॉलवर साइजनंतर दोन-तीन आकडी लोड इंडेक्स असतो. 88 म्हणजे 560 किलो, 91 म्हणजे 615, 94 म्हणजे 670, एका टायरला. मागच्या एक्सलचं प्रत्यक्ष वजन भागिले दोन, हे त्याच्या आत आरामात बसलं पाहिजे. प्रेशर फुल लोडच्या तक्त्याप्रमाणे ठेवा, टायर थंड असताना. 30-35 प्रोफाइलच्या टायरला खड्ड्यात चिमटा बसून साइडवॉल फुटायची भीती एरवीही असतेच, वजनाने ती वाढते. ट्रेलरचे टायर तर लोक बघतच नाहीत, वर्षभर उन्हात उभे असतात, नक्षी नवीन दिसते आणि बाजूला बारीक भेगा. बनवल्याची तारीख चार आकडी असते, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. त्यांचं स्पीड रेटिंगही वाचा. आणि खूप स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, ट्रेलरची तरी स्टेपनी सोबत ठेवा, तिला बसेल असा पाना आणि जॅक पण.

पायरी 8: सामान लादणं आणि नोज वेट मोजणं

जड वस्तू ट्रेलरच्या एक्सलवर किंवा किंचित पुढे, शक्य तितक्या खाली. दोन टोकांना जड वस्तू ठेवून बॅलन्स साधला तर काट्यावर नोज वेट बरोबर येईल, पण ट्रेलर एकदा फिरायला लागला की थांबायला जास्त जोर लागेल, त्यामुळे वजन मध्येच गोळा करा. रॅचेट पट्ट्याने घट्ट बांधा, दोरीने नाही. पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरलेली नाहीतर रिकामी, अर्धवट टाकीत पाणी डुचमळतं.

नोज वेट अंदाजाने नाही, मोजून. ट्रेलर भरलेला, सपाट जागेवर, चाकांना अडण लावलेली, दांडा टो बॉलच्या उंचीला आडवा. कपलरखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा, जॉकी व्हील वर घ्या म्हणजे सगळा भार काट्यावर येईल. वजन काट्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर, आणि कपलर विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर फळीवर टेकवा. काट्यावर येईल त्याला तीनने गुणा, फळीचं वजन आधी वजा करून. मग गाडी, टो बार आणि ट्रेलर या तिघांच्या नोज वेट मर्यादा बघा आणि सगळ्यात लहान असेल ती पाळा. शेवटी सगळी जोडी मोठ्या वजनकाट्यावर नेऊन मागच्या एक्सलचं वेगळं वजन घ्या. यात पैसे फार जात नाहीत आणि सगळे अंदाज तिथे संपतात.

पायरी 9: वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स

आजकालच्या गाड्यांत टेललाइटच्या वायरला जोड मारून ट्रेलरचे दिवे चालवू नका, गाडी प्रत्येक दिव्याचा करंट तपासत असते, एरर येतात आणि कधी मोड्यूल जळतो. वेगळा फ्यूज आणि बायपास रिले असलेलं किट घ्या, शक्यतो त्या गाडीसाठीच बनवलेलं. ट्रेलर स्टॅबिलिटी कंट्रोल हेलकावा ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनची ताकद कमी करतं, पण ते बऱ्याच गाड्यांत कंपनीचं वायरिंग बसवून कोडिंग केल्यावरच जागं होतं. साधं ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असलं म्हणजे ते आहे असं समजू नका. स्पोर्ट किंवा ट्रॅक मोड बंद, ईएससी पूर्ण चालू.

आरसे: गाडी अरुंद आणि बुटकी, ट्रेलर रुंद, म्हणजे मागचं काहीच दिसत नाही. एक्स्टेन्शन आरसे लावा. छोटा ट्रेलर असेल तर उलट त्रास, रिव्हर्सला तो दिसतच नाही आणि झटकन दुमडतो, म्हणून त्याच्या दोन कोपऱ्यांना उंच काठ्या किंवा झेंडे लावतात ते बरोबर आहे.

पायरी 10: ट्रायल, आणि रस्त्यावर

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, 40 ला, मग 60 ला. प्रत्येक वेळी जोरात ब्रेक मारून बघा. किंचित स्टेअरिंग हलवून हेलकावा किती वेळात विझतो ते फक्त कमी स्पीडला बघा, जास्त स्पीडला हा प्रयोग अजिबात नको. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबा, कपलर, पिन, चेन, पट्टे बघा, ट्रेलरच्या हबजवळ हात न्या, एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय.

स्पीड 80 च्या आत ठेवा, कायदा जास्त देत असला तरी. 80 वरून 100 वर गेलात की थांबवायची ऊर्जा 56 टक्क्यांनी वाढते. पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर. वळणात ट्रेलर आतून कापतो, म्हणून जरा बाहेरून घ्या. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली टाका, आणि ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा नीट दाबून स्पीड उतरवा आणि सोडा.

आणि ट्रेलर लहरायलाच लागला तर? अ‍ॅक्सिलरेटर सोडा. स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, झोक्यामागे धावू नका. गाडीचा ब्रेक कचकन मारू नका. इलेक्ट्रिक कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा, तो ट्रेलरला मागे ताणून सरळ करतो. वेग देऊन सरळ करता येतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, कधीतरी एखाद्याला जमलं असेल पण त्याने तुम्ही त्या धोक्याच्या स्पीडच्या आणखी वर जाता. स्पीड उतरला की बाजूला थांबा आणि सामान पुढे घेऊन नोज वेट परत मोजा. नुसतं "आता हळू जाऊ" म्हणून निघू नका, जे कारण होतं ते अजून ट्रेलरमध्येच आहे.

परत आल्यावर

ट्रेलर सोडला की गाडीखाली वाका. हिचचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला परत आवळा, पहिल्या फेरीनंतर ते सैल होऊ शकतात. हिच जिथे बॉडीला बसतो तिथे रंगाला केसासारखी बारीक चीर किंवा पत्र्याला सुरकुती दिसली तर त्या हिचवर परत काही लावायचं नाही, आधी बॉडीशॉपला दाखवा. मागच्या टायरची आतली कड बोटाने चाचपा, मागे जास्त वजन असलं की कॅम्बर वाढून तीच आधी झिजते आणि उभं राहून ती दिसत नाही. ब्रेक पेडल आधीपेक्षा खोल जातंय का, क्लच वर पकडतोय का, गिअरबॉक्सचं तेल काळं झालंय का, एवढं बघा, आणि यातलं काहीही बदललेलं वाटलं तर पुढच्या वेळी तो ट्रेलर टोइंगला मंजूर असलेल्या गाडीला लावा.